बापाच्या हाताचा रंग

पिंपळगावचे एक द्राक्षवाले दर हंगामात आमच्या प्रेसमध्ये येऊन भांडायचे. हातातल्या पिशवीत स्वतःच्या बागेतला घड असायचा. तो माझ्या टेबलावर, छापलेल्या खोक्याच्या शेजारी ठेवायचे आणि विचारायचे, "ताई, खरं सांगा. हा रंग आन् हा रंग, एक हाय का?"

नसायचा. खोक्यावरची द्राक्षं सरबताच्या बाटलीसारखी हिरवीगार, आणि घडातली पिवळसर, मधाकडे झुकलेली.

"मग घडासारखी छापू का?"

ते घड उजेडात धरायचे. मग खोकं बघायचे. पुन्हा घड. "नको," म्हणायचे. "गिऱ्हाईक खोकं बघूनच हात लावतंय. उलट अजून थोडं हिरवं करा."

शेवटी त्यांच्यासाठी आम्ही पाचवा रंग लावला. तो काय प्रकार असतो ते सांगायचं तर आधी बाकीचे चार सांगावे लागतील. रंगीत छपाईत शाया चारच असतात: निळी, लाल, पिवळी आणि काळी. निळी म्हणजे आकाशी निळी आणि लाल म्हणजे गुलाबाच्या अंगाची लाल. बाकी जगातले सगळे रंग या चौघींच्या बारीक बारीक ठिपक्यांनी तयार होतात. विश्वास बसत नसेल तर एखादं जुनं कॅलेंडर भिंगाखाली धरा. देवीच्या गालावर नुसते ठिपकेच ठिपके दिसतील. आमचं मशीन एका वेळी एकच रंग छापणारं होतं. म्हणजे प्रत्येक कागद चार वेळा मशीनमधून जायचा, आधी पिवळा, मग लाल, मग निळा, शेवटी काळा. तीन रंग होईपर्यंत चित्र आजारी माणसासारखं दिसतं. काळा बसला की उठून उभं राहतं. आणि या चौघींना जो रंग जमत नाही, तो वेगळी शाई घोटून पाचव्या फेरीत छापायचा. द्राक्षवाल्यांची हिरवी शाई आम्ही अशी घोटली. ते खूष झाले. त्यांची द्राक्षं मात्र पूर्वीसारखीच पिवळसर येत राहिली.

सांगायचा मुद्दा, आमच्याकडे येणाऱ्या माणसाला वस्तू आहे तशी छापून नको असायची. असावी असं त्याला वाटायचं, तशी हवी असायची. यात मला काही गैर वाटत नव्हतं. धंदाच तो होता.

मी इगतपुरीची. वडील रेल्वेत गँगमन होते. आमच्या घरातली, आणि आमच्या चाळीतलीही, मी पहिली ग्रॅज्युएट. निकाल लागला तेव्हा विहारात माझा सत्कार झाला, पेन आणि फुलं मिळाली, आणि बीए झालेल्या मुलीने पुढे काय करायचं असतं हे कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. नाशिकला मामाकडे राहून अर्ज करत होते. एका छापखान्यात मुद्रितं तपासायला शुद्ध मराठी येणारं माणूस हवं होतं, तिथे लागले. टेबलावर बसून चुका काढायचं काम. पण मशीनचा आवाज सुरू झाला की मला टेबलावर बसवायचं नाही. हळूहळू मी आत जायला लागले, आणि काही वर्षांनी शेठनी सगळ्या छपाईची देखरेखच माझ्याकडे दिली. गिऱ्हाईक आत यायचं, माझ्याकडे बघायचं आणि विचारायचं, "साहेब कुठे आहेत?" मी म्हणायचे, "बोला."

फिल्मच्या खोलीत वसंतदादा बसायचे. पन्नाशी ओलांडलेले, पंचवटीत राहणारे. पांढरा शर्ट, डोळ्याला जाड चष्मा, आणि चष्म्यावर पुन्हा भिंग. तेव्हा संगणक आमच्याकडे आला नव्हता. चित्राच्या चार रंगांच्या चार फिल्म मुंबईहून बनून यायच्या. त्या वसंतदादा काचेच्या टेबलावर ठेवायचे. खाली ट्यूबलाइट, वर फिल्म, हातात बारीक ब्रश आणि बशीत एक औषध. जिथे औषध लावलं तिथला ठिपका कडेने झिजून लहान व्हायचा. ठिपका लहान, म्हणजे तिथे शाई कमी, म्हणजे रंग फिका. बास, एवढंच. पण हे एवढंच करायला हात असा लागतो, की मी एकदा प्रयत्न केला आणि एका नवरदेवाचा कान उडवून बसले.

ठिपका लहान करता येतो. मोठा करता येत नाही. हे लक्षात ठेवा.

वसंतदादांचं आयुष्य कॅलेंडरांत गेलं होतं. राम, कृष्ण, लक्ष्मी, साईबाबा. त्यामुळे फिल्मवर चेहरा दिसला की त्यांचा ब्रश आपोआप औषधात जायचा. काळ्या फिल्मवरचे ठिपके आधी, मग निळीवरचे. चेहरा उजळायचा, गाल गुलाबी व्हायचे. कोणी सांगावं लागायचं नाही. आणि जे सांगायचे, तेही 'उजळ करा' असंच सांगायचे. नगरपालिकेला उभे राहिलेले एक गृहस्थ पोस्टर घेऊन आले होते. पहिला नमुना बघून म्हणाले, "दादा, थोडा अजून उजळ." दुसरा बघून म्हणाले, "अजून." तिसरा नमुना बघितला तेव्हा त्यांच्याबरोबरचा कार्यकर्ता म्हणाला, "साहेब, आता मतदारांना तुमची ओळख करून द्यावी लागंल." तरी तोच छापला. ते पडले, पण त्याला आम्ही जबाबदार नाही.

मी एकदा वसंतदादांना म्हणाले होते, "दादा, तुमच्या पंचवटीतला देव चांगला काळाकुळकुळीत आहे. लोक रांगा लावतात. आणि कॅलेंडरवर तुम्ही त्याला आकाशी करता?"

"शोभा, देवळात तो देव आहे," भिंगावरची मान वर न करता ते म्हणाले. "भिंतीवर तो शोभेला आहे."

माझे वडील गेले तेव्हा पुण्यानुमोदनाची पत्रिका मी आमच्याच प्रेसमध्ये छापायला दिली. त्यांचा एकच धड फोटो होता, नोकरीच्या ओळखपत्रावरचा. जन्मभर रुळांवर उन्हात उभा राहिलेला माणूस, फोटोतही तसाच होता. मी रजेवर होते. पत्रिका छापून घरी आल्या, तर वर कोणी स्टेशनमास्तरच. वसंतदादांनी आपण होऊन, मन लावून केलं होतं. आई पत्रिका हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली. मग शेजारणीला म्हणाली, "बघ, कसे साहेबासारखे दिसत्यात." तिने ती पत्रिका फ्रेम करून लावली. आई खूष होती, वसंतदादांनी पैसे घेतले नव्हते, यात चुकीचं काय झालं हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आता गावित सरांचं पुस्तक.

शहाण्णव-सत्त्याण्णवचा उन्हाळा असेल. द्राक्षाचा हंगाम संपला होता, शाळेच्या वह्यांची कव्हरं अजून यायची होती, मशीन जरा मोकळं होतं. पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतले चित्रकलेचे शिक्षक आले. काखेत पुठ्ठ्याची मोठी फाइल, आणि पुढे-मागे दोन मुलं. चंदा, नऊ-दहा वर्षांची, आणि रघू, सहाचा. आई आरोग्य केंद्रात नर्स, तिची ड्यूटी, म्हणून दोघं बापाबरोबर.

दारातून आत येतानाच भांडण चालू होतं. एसटीत खिडकीशी कोण बसलं होतं आणि जाताना कोण बसणार, यावर.

"येताना तू बसलास."

"घाट संपल्यापासनं. आधी तूच होती."

"बाबा, सांग ना ह्याला."

गावित सर फाइलची नाडी सोडत होते. "भांडा," ते शांतपणे म्हणाले. "फक्त इथल्या कागदांना हात लावायचा नाही. ते मॅडमचे आहेत."

मुलांनी हात पाठीमागे धरले आणि भांडण पुढे चालू ठेवलं.

फाइलमध्ये सोळा पानांचं चित्रांचं पुस्तक होतं. नाव 'चढ, उतर, चढ'. बाप दोन मुलांना घेऊन आठवडे बाजारातून घरी निघालाय. एका खांद्यावर मीठ-तेलाची पिशवी. म्हणजे रिकामा खांदा एकच. त्यावर बसायचं कोणी? बहीण बसते, भाऊ रस्त्यात लोळण घेतो. बाप बहिणीला उतरवतो, भावाला चढवतो. आता बहीण हटून बसते. नाला येतो, चढ येतो, मोहाचं झाड येतं, बाप वाकतोय, उचलतोय, उतरवतोय. एका शब्दाने चिडत नाही. शेवटी घर दिसायला लागतं तेव्हा दोघांना काय वाटतं कोण जाणे, पिशवीच काढून घेतात. आणि पिशवीचा कोणता बंद कोणी धरायचा यावर भांडत पुढे जातात. बाप दोन्ही खांदे मोकळे सोडून मागून येतोय. संपलं.

मी वाचलं आणि मुलांकडे बघून हसले. "सर, हे तर घरचंच दिसतंय."

"घरचंच आहे," ते म्हणाले. "पण ह्यांच्यासाठी नाही काढलं. आमच्याकडे जूनमध्ये पहिलीची पोरं येतात. सहा वर्षांची. पाड्यावरून येतात आणि शाळेतच राहतात, मॅडम. महिनाभर रडतात. बाप सोडून जातो ना, त्याच्याच मागे पळतात फाटकापर्यंत. मी त्यांना पुस्तकं देऊन बसवतो. त्या पुस्तकांत सगळे वेगळेच लोक. बाप ऑफिसला जातो, टेबलावर जेवतो. पोरं बघतात आणि ठेवून देतात. म्हटलं, पुस्तकात एक तरी त्यांच्या घरचा माणूस पाहिजे. उघडलं की बाप दिसला पाहिजे."

चित्रं त्यांनी शाळेच्या रंगपेटीतल्या रंगांनी काढली होती, आणि अंगाच्या रंगासाठी गेरू खलून वापरला होता, त्यात थोडी काजळी. बाप तसाच होता, स्वतः गावित सर होते तसा, दाट तपकिरी, उन्हात तापलेला. शिक्षक मित्रांनी मिळून छपाईची सोय केली होती. शाळा उघडायच्या आत पुस्तक हवं होतं.

शेठना चित्रं आवडली. शेठ तसे माणूस म्हणून चांगले, फक्त मशीन थांबलेलं त्यांना बघवत नसे. वसंतदादांना तर चित्रं इतकी आवडली, की फिल्म मुंबईहून आल्यावर त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. कॅलेंडर नाही, पोस्टर नाही, पोरांचं पुस्तक! दोन-तीन दिवस ते जेवायला सोडून उठले नाहीत. मी डोकावले तर म्हणाले, "नंतर बघ. गुरुजींना आपल्याकडून भेट."

छपाई झाली. पिवळा, लाल, निळा. काळा बसला तेव्हा मी मशीनजवळच होते. सलीमभाई मशीन चालवायचे, त्यांनी कागद काढून माझ्यासमोर धरला. सुरेख आला होता. झाडं, नाला, बाजाराची गर्दी. मलाही छानच वाटला. इतकी वर्षं तसेच चेहरे बघून माझ्या डोळ्यांना सवयच झाली होती, दुसरं काय.

गावित सर शनिवारी आले, पुन्हा दोघांना घेऊन. कागद अजून सबंध होते, घडी आणि शिलाई बाकी होती. मी एक मोठा कागद टेबलावर पसरला. सर वाकून बघायला लागले. वसंतदादा खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांना बघायचं होतं गुरुजींचा चेहरा कसा होतो ते.

सर आणखी खाली वाकले.

रघूने टाचा उंचावून बघितलं. "बाबा, हा कोण?"

"आपणच रे," सर म्हणाले.

"नाय. हा कोण?" त्याचं बोट बापाच्या चित्रावर होतं.

चंदाने त्याला बाजूला सारलं आणि बघितलं. मग माझ्याकडे बघून, हात पाठीमागेच ठेवून, ती म्हणाली, "हा साहेब हाय. गाडी घेऊन येतो ना शाळा बघायला, तसला साहेब. ह्यानं कशाला आमाला खांद्यावर घेतलं?"

मी कागद बघितला. मग सरांची मूळ चित्रं काढून शेजारी ठेवली. तेव्हा मला दिसलं. बाप गोरा, गुलाबी. मुलं गोरी, गुलाबी. मोहाच्या झाडाखाली कोणी पाहुणे सहलीला आल्यासारखे.

"असू द्या मॅडम," गावित सर घाईने म्हणाले. "छपाई फार छान आली आहे. रंग थोडा इकडे-तिकडे व्हायचाच. दादांनी किती मेहनत घेतली आहे."

"बाबा, पण हा तू नाय," चंदा म्हणाली.

"असू दे गं."

"पोरं भितील ना ह्याला. पहिलीची पोरं साहेबाला बघून दप्तराच्या मागं लपत्यात. तूच सांगतो."

"चंदा. असू दे."

तो माणूस खरंच तसंच घेऊन गेला असता. मला दिसत होतं. खिडकीवरून, खांद्यावरून, दिवसभर कोणी ना कोणी त्याच्याकडे काहीतरी मागत असायचं आणि तो देत असायचा, स्वतःची गोष्ट सोडून द्यायची त्याला इतकी सवय होती, की हेही त्याने सोडून दिलं असतं. आणि जूनमध्ये फाटकापासून रडत आणलेल्या पोरांच्या हातात एका साहेबाचं चित्र दिलं असतं.

वसंतदादा पुढे आले. चेहरा पडला होता. "काय झालं? खराब आलंय का?"

"दादा, खराब नाही," मी म्हणाले. "उजळलंय."

"मग? उजळायलाच तर बसलो होतो. डोळे फोडून घेतले मी. एकेक चेहरा, एकेक हात. फिल्मवर नुसता काळपट गोळा दिसत होता. म्हटलं, लहान मुलांचं पुस्तक, चेहरे प्रसन्न पाहिजेत."

"दादा, ते काळपट नव्हतं. तसेच आहेत ते." मी गावित सरांकडे हात केला. सर खाली बघत होते, आणि एकदम मला माझीच लाज वाटली, समोरच्या माणसाबद्दल असं बोट दाखवून बोलल्याची.

दादांनी सरांकडे बघितलं. भेट द्यायला उभा राहिलेला माणूस रिकाम्या हाताने उभा राहावा तसे ते दिसत होते. "आता ठिपका मोठा होत नाही," ते हळूच म्हणाले. "झिजवला तो झिजला. फिल्म पुन्हा करून आणायला लागतील, आणि हे सगळे कागद रद्दीत."

"सोमवारी वह्यांची कव्हरं चढणार मशीनवर," आतून शेठचा आवाज आला. सगळं ऐकत होते. "शोभाताई, मी गुरुजींचा माणूस आहे, पण कव्हरं थांबणार नाहीत. शाळा त्यांचीही उघडायची आहे आणि आख्ख्या जिल्ह्याचीही."

रघूने चंदाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि चंदाने त्याला चिमटा काढला.

काढून घेतलेला रंग फिल्मवर परत आणता येत नव्हता. पण छापलेल्या कागदावर रंग घालायला कोणी अडवलं होतं? द्राक्षांवर आम्ही घालतच होतो.

"दादा," मी म्हणाले, "पाचवा रंग."

त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. "नुसत्या अंगावर?"

"नुसत्या अंगावर. तपकिरी शाई, पारदर्शक मीडियम घालून पातळ केलेली, म्हणजे खालची रेघ बुजणार नाही. चेहरे, हात, पाय. बाकी काही नाही."

"त्याचा साचा हाताने कापायला लागेल. सोळा पानं." ते पुटपुटले. मग चष्मा पुसला. "कापतो. आज बसतो. उद्या रविवार, मशीन मोकळंच आहे. सलीम येतो का विचार."

शेठ बाहेर आले. "रविवारी चालवा, मला काही नाही. सोमवारी सकाळी मशीन धुतलेलं पाहिजे."

गावित सर म्हणाले, "कशाला एवढा त्रास…"

"सर, तुम्ही उद्या या," मी म्हणाले. "शाई घोटायला तुमचा हात लागणार आहे."

त्यांना वाटलं, कामाला मदत हवी आहे.

रविवारी ते तिघंही आले. नाशिकलाच एका नातेवाइकाकडे राहिले होते. वसंतदादांनी तांबड्या फिल्मवर सगळे चेहरे, सगळे हातपाय कापून ठेवले होते, प्लेट तयार होती. डोळे लाल झाले होते, पण मूड परत आला होता. प्रेसच्या मागच्या दाराजवळ चांगला उजेड येतो, तिथे आम्ही काचेची लादी मांडली. पिवळी, लाल, थोडी काळी, आणि मीडियम. दादा लोखंडी पट्टीने शाई घोटायला लागले.

"गुरुजी, बाही वर करा. हात इकडे, उजेडात."

सरांनी हात पुढे केला. आता त्यांना कळलं कशाला बोलावलंय. ते जरा लाजले, पण हात काढून घेतला नाही.

दादा शाईचं बोट फसलेल्या कागदावरच्या गुलाबी बापाला लावायचे, कागद सरांच्या हाताशेजारी धरायचे, आणि मान हलवायचे. पहिली विटेसारखी झाली. दुसरी शेणासारखी. मग पिवळी जास्त, लाल कमी घेऊन पुन्हा घोटली.

"अजून काळा," चंदा म्हणाली. दादांनी काळी जास्त घालून शेजारी नवा ढीग घोटला.

"नाय, बास," रघू म्हणाला. "एवढाच हाय बाबा."

"तुला काय कळतं?"

"तुझ्यापेक्षा जास्त! मी रोज त्याच्या हातावर झोपतो."

"म्हणून अंधारात बघतो व्हय तू?"

सलीमभाई मशीनला टेकून हसायला लागले. रघूला ते लागलं. त्याने लादीवरच्या मागच्या ढिगातली शाई बोटावर घेतली आणि सरळ बापाच्या हाताला, मनगटाच्या आतल्या बाजूला लावली. "बघा. दिसती का? नाय दिसत."

खरंच, लावलेली शाई तिथे दिसत नव्हती. कातडीत मिसळून गेली होती.

चंदाने बापाचा हात उलटा केला. नव्या, गडद ढिगातली शाई कोपराच्या वरच्या बाजूला ओढली. तीही दिसेनाशी झाली. "आन् ही?"

मग दोघांची चढाओढ लागली. आधीच्या फसलेल्या शायाही हातावर आल्या. बाप हात लांब करून उभा, एक पोरगं हात सुलटा करतंय, एक उलटा करतंय, कोपरापासून मनगटापर्यंत पट्टे, आणि चेहऱ्यावर वैताग म्हणून नाही. मी हातातला कागद बघत होते आणि त्या तिघांना बघत होते. पुस्तकाचं सतरावं पान चालू होतं म्हणा.

"दोन्ही बरोबर आहेत," वसंतदादा शेवटी म्हणाले. "आतली बाजू ही, वरची बाजू ती. आता कोणती घ्यायची ते ठरवा. शाई एकच घोटणार."

शेठ तेवढ्यात आले होते. रविवार असला तरी मशीनचा आवाज नाही म्हटल्यावर त्यांना घरी चैन पडलं नसणार. दादांनी कागदावर लावलेले दोन्ही शायांचे ठिपके त्यांनी बघितले. "हलकी घ्या," म्हणाले. "रंग जुळलाही म्हणता येईल आणि कागदावर बरीही दिसेल. गुरुजी, तुमची काही हरकत नाही ना?"

मी सरांकडे बघितलं. आता ते काय म्हणणार हे मला माहीत होतं. चंदालाही माहीत होतं, कारण तिने बापाचा हात सोडून दिला आणि तोंड फिरवलं.

"आहे," गावित सर म्हणाले.

आवाज तोच, हळू. पण चंदा वळून बघायला लागली.

"शेठ, आतली बाजू कोणी बघत नाही. मी दिसतो तो असा दिसतो." त्यांनी हात उलटा करून कोपराची वरची बाजू उजेडात धरली. "पोरांचे बाप माझ्याहून जास्त उन्हात असतात. हलकी नको. ही घ्या."

शेठनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "मग घोटा की," म्हणाले. "बघताय काय?"

दादांनी डबा भरून शाई घोटली. सलीमभाईंनी मशीन धुऊन तपकिरी शाई चढवली. पहिले काही कागद फिके गेले, मशीनच्या रुळांवर शाई बसायला वेळ लागतो. मग कागद यायला लागले. मी एक उचलून मागच्या दारात नेला. मोहाच्या झाडाखाली बाप वाकला होता. हातात बळ आलं होतं. मानेवर ऊन आलं होतं. मुलगी खांद्यावरून खाली बघत होती, आणि ती आता त्याची मुलगी दिसत होती. रेघ कुठेही बुजली नव्हती. एका पानावर दादांचा साचा केसभर सरकला होता, बापाच्या कानाला तपकिरी सावली आली होती. अजूनही माझ्या प्रतीत ती आहे.

हे पुस्तक कुठल्या प्रदर्शनात गेलं नाही, त्याला बक्षीस मिळालं नाही. छपाईच्या दृष्टीने मी त्याहून अवघड कामं पुढे केली. संगणक आल्यावर तर चेहरा उजळायला ब्रशही लागेना, एक बटण दाबलं की झालं, आणि लोक स्वतःच घरून उजळून आणायला लागले. वसंतदादांनी त्याआधीच काम सोडलं. पण माझ्या हातून गेलेल्या एवढ्या कागदांत माणसाचा चेहरा माणसासारखा छापला, असं मला छातीवर हात ठेवून फार थोड्या कामांबद्दल म्हणता येतं. त्यातलं हे एक. गावित सर पुढे कधी नाशिकला आले की प्रेसमध्ये डोकावायचे. पहिलीची पोरं त्या बापाच्या चित्रावर बोट ठेवून आपापल्या बापाचं नाव घेतात, असं त्यांनी एकदा सांगितलं होतं. ते सांगतानाही त्यांचा आवाज तेवढाच हळू होता.

त्या रविवारी मशीन चालू असताना सर बाकावर बसले होते. हात अजून तसाच, पट्ट्यापट्ट्यांचा. मी रॉकेलचं डबडं आणि चिंधी आणून दिली. ती कोणी घ्यायची यावर लगेच भांडण. चंदा म्हणाली, मी मोठी. रघू म्हणाला, शाई मी आधी लावली. मग चिंधीचे दोन तुकडे झाले आणि दोघं दोन्हीकडून बापाचा हात घासायला लागली, कोणाचा पट्टा आधी निघतो या ईर्ष्येने.

"सावकाश रे," गावित सर म्हणाले. "शाई काढा. कातडी राहू द्या माझी."

सलीमभाई हसले. मीही हसले. वसंतदादा हसले नाहीत. त्यांनी मशीनजवळचं स्टूल ओढून आणलं, मुलांच्या हातातल्या चिंध्या काढून घेतल्या आणि सरांचा हात आपल्या मांडीवर घेऊन, भिंगातून फिल्म बघावी तसे वाकून, ते एकेक पट्टा पुसायला बसले.